पॅनेल सोडू नका

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासमोर घडलेली. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कारण तिथं अजून माणसं कामाला आहेत. बाकी पदरचं काही घातलेलं नाही.

आणि ही अमावस्येच्या रात्रीची वगैरे गोष्ट नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा एक गुरुवार. सकाळची वेळ. बाहेर लख्ख ऊन.

गाव महाळुंगे. गाड्यांचे पार्ट रंगवणारी कंपनी. तिला गुरुवारची सुट्टी असते, म्हणून आम्ही गुरुवारी जायचो.

मी तेजस्विनी, सांगवीची. मी आणि माझा भाऊ रणजीत, आम्ही फायर अलार्मच्या देखभालीचं काम करतो. छताला हीट डिटेक्टर असतात, उष्णता वाढली की अलार्म देणारे. दादा वर चढून त्यांना हीट गननं गरम हवा देतो. डिटेक्टरवर लाल दिवा लागतो आणि वेगळ्या खोलीत माझ्यासमोर अलार्मच्या पॅनेलवर त्याची जागा दिसते. मी वॉकीटॉकीवर सांगते, "आला." डिटेक्टर गार झाला की मी रीसेट दाबते, मगच दादा पुढं सरकतो.

एक लक्षात ठेवा. तो लाल दिवा आपोआप विझत नाही. पॅनेलवर कुणीतरी रीसेट दाबावंच लागतं.

त्या दिवशी पॅनेलच्या खोलीत मी नीट बसलेसुद्धा नव्हते, तोच सिक्युरिटीचे रोहिदासकाका आले. महाळुंग्याचेच. त्यांचं शेत होतं तिथंच आता कंपनीचं पार्किंग आहे.

"ताई, चहा मी हितंच आणून देतो. तुमी पॅनेल सोडू नका."

"का हो काका, पॅनेल पळून जातंय का?"

ते हसले नाहीत.

"न्हाई, आपलं सांगून ठिवलं. वर माणूस असला की पॅनेल सोडायचं न्हाई."

मला जरा रागच आला. मला काम शिकवतात! पण चहा घेतला.

काम सुरू झालं.

"आला का?"

"आला दादा."

मग रीसेट. मग पुढचा.

कंप्रेसर बंद, पंखे बंद. एवढं मोठं शेड, पण मधूनमधून येणारा हीट गनचा आवाज सोडला तर काही नाही.

मग वॉकी खरखरली... आणि दादाचा आवाज येईनासा झाला.

"दादा? ऐकू येतंय का?"

काही नाही.

तेवढ्यात पॅनेल वाजलं.

पडद्यावर जागा आली... पेंट ओव्हन, मागचा कोपरा.

तो कोपरा आम्ही शेवटी घेणार होतो. दादा तर अजून पुढच्या दाराजवळ होता. मला वाटलं, शहाणा मला न सांगता तिकडं गेला. मी रीसेट दाबलं.

पुन्हा वाजलं. तोच कोपरा.

पुन्हा रीसेट.

पुन्हा तोच...

रीसेट टिकेना. म्हणजे तिथं वर कुणीतरी गरम हवा धरून ठेवली होती. कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

"दादा, आला म्हटलं ना! बस कर आता!"

"कुणाशी भांडतेस?"

मी गर्रकन वळले. दादा दारात उभा होता. एका हातात बंद पडलेला वॉकी, दुसऱ्या हातात हीट गन, तिला गुंडाळलेली वायर.

"बॅटरी गेली. दुसरा सेट दे."

मी नुसतं पॅनेलकडं बोट दाखवलं. 

दादा असल्या गोष्टी मानत नाही. "डिटेक्टर खराब झालाय. आत्ताच बदलतो, नाहीतर उद्या पहिल्या शिफ्टला सगळी कंपनी बाहेर पळेल," म्हणाला.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या खोलीत मला एकटीला बसवेना. दादाचा बंद वॉकी तिथंच राहिला, दुसरा द्यायचं मी विसरले आणि माझा वॉकी घेऊन त्याच्या मागं निघाले.

रंग सुकवायचा तो ओव्हन सुट्टीमुळं बंद, थंडगार होता. त्याच्या मागच्या कोपऱ्यात, छतापाशी, लाल दिवा लागलेला.

आम्ही चाकांचं स्कॅफोल्डिंग, म्हणजे लोखंडी पाइपांची परांची, ढकलत तिथं नेलं. चाकांचे ब्रेक मी स्वतः पायानं दाबून लावले. दादा वर चढला, बेल्ट स्कॅफोल्डिंगलाच अडकवला. डिटेक्टरला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला.

"तेजू, हा चटका बसेल एवढा गरम आहे."

तेव्हा माझ्या हातातला वॉकी खरखरला...

"आला का, भाऊ?"

दादाचा आवाज नव्हता. दादाचा सेट तर पॅनेलपाशी बंद पडून होता. आवाज वयस्कर माणसाचा, दमलेला.

"आला का? भाऊ, बोला ना..."

आणि स्कॅफोल्डिंग हललं.

ब्रेक लावलेलं, तरी हललं. चाकं करकरत कोपऱ्याकडं सरकायला लागली. वर कुणीतरी बाहेरच्या बाजूला वाकल्यासारखं ते त्या अंगाला कललं. दादा ओरडला. त्याचा बेल्ट त्यालाच अडकवलेला, ते पडलं असतं तर तोही गेला असता.

मी पाइपाला लोंबकळले. माझ्यानं ते थांबेना. मला रडू फुटलं आणि काय बोलतेय ते कळायच्या आत मी वॉकीत ओरडले,

"आला भाऊ, आला! रीसेट करतेय! आता उतरा खाली!"

स्कॅफोल्डिंग जागच्या जागी थांबलं.

वर लाल दिवा... विझला.

दादा खाली उतरला. चेहरा पांढराफटक. 

"रीसेट कुणी केलं?"

"मी तर इथंच आहे ना!"

आम्ही धावतच पॅनेलच्या खोलीत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. पॅनेलवर हिरवा दिवा, सगळं नॉर्मल. मी आत सरकवून गेलेली खुर्ची पॅनेलसमोर ओढलेली होती.

रोहिदासकाका गेटवरच होते. आमची तोंडं बघून त्यांना काय ते कळलं.

"पॅनेल सोडलंत व्हय?"

मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी हेच काम फारूकभाई नावाचे गृहस्थ करायचे. पॅनेलवर बसलेला त्यांचा जोडीदार न सांगता बाहेर चहाला गेला. फारूकभाई त्या कोपऱ्यात वर, डिटेक्टर गरम करतायत, विचारतायत, उत्तर नाही. सिग्नल जात नाही असं वाटून ते आणखी पुढं वाकले आणि तोल जाऊन खाली कोसळले.

"मी पळत गेलो तवा शुद्ध व्हती त्यांना," काका म्हणाले. "पाणी मागितलं न्हाई, घरच्यांचं नाव न्हाई. यवढंच इचारलं, आला का? मला काय कळतंय त्यातलं? मी गप ऱ्हायलो. तसंच गेले ते."

काकांनी डोळे पुसले.

"आधी का नाही सांगितलंत?" दादा चिडला.

"सांगितलं असतं तर हसला असता, राव."

खरं होतं ते. मी तर नक्कीच हसले असते.

त्यानंतर आम्ही तिथं आणखी दोनदा गेलो. मी पॅनेलवरून हललेसुद्धा नाही. काम संपलं की त्या कोपऱ्याचा सिग्नल आपोआप यायचा. दादा तोवर खाली उतरून माझ्या शेजारी उभा असायचा. मी वॉकीवर म्हणायचे, "आला भाऊ, उतरा." रीसेट दाबायचे. पुन्हा वाजायचं नाही. भीती वाटायची, पण त्याहून जास्त वाईट वाटायचं.

या वर्षी ते काम दुसऱ्यांना गेलं.

मी त्यांचा नंबर शोधून फोन केला. कारण सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, वर माणूस असेल तेव्हा पॅनेल सोडू नका.

पलीकडचा हसला. "मॅडम, पॅनेलवर आम्ही कुणाला बसवतच नाही. एकच माणूस पाठवतो. सिग्नल आला की त्याला वरच मोबाइलवर दिसतं."

त्यांचं काम या आठवड्यात सुरू होणार होतं. मघापासून रोहिदासकाकांना फोन लावतेय. रिंग जाते, पण ते उचलत नाहीत.

आज गुरुवार आहे.