वाळवीच्या खेळातली पावलं

सरांना हे सगळं जसंच्या तसं आठवतं, असं त्यांनी कधीच छातीठोकपणे सांगितलं नाही. उलट सांगायला बसले की पहिल्याच वाक्याला अडखळत. त्या दुपारी पडदे त्यांनी ओढले होते की लेकीनं जाताना, फोन डाव्या कानाला होता की उजव्या, फोनवरच्या मुलीचा आवाज आधी कापला की त्यांचा... आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवलेला माणूस, पण स्वतःच्या स्मरणशक्तीवर त्यांचा भरवसा फार थोडा. एका गोष्टीवर मात्र ते अडून बसत. पावलं दोघांची होती. त्यावर कुणी हसलं तर हसो.

सुरुवात अगदी साधी. सर निवृत्त झाले त्या सुमारास जावयानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना सरांच्या टेबलावर आणून ठेवला. "पत्रव्यवहाराला होईल," म्हणाला. सरांचा पत्रव्यवहार उरला होताच कुठे? ते खेळ खेळू लागले. मोठाले खेळ त्या जुन्या यंत्राला झेपत नसत. सुरू करताच ते दमेकऱ्यासारखं घरघरायचं. म्हणून मग छोटे खेळ. कुणीतरी एकट्यानं, नोकरी सांभाळून, सवडीनं बनवलेले आणि ज्याला हवेत त्यानं घ्यावेत म्हणून फुकट ठेवून दिलेले. दुपारी जेवणं उरकून लेक कामावर गेली की सर हेडफोन चढवून बसत.

लेकीला ते पटत नसे.

"बाबा, फुकट मिळतं म्हणून काहीही काय खेळत बसता? चांगला एखादा विकत घेऊन देते."

"विकतच्या खेळात मला काय आवडावं ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं," सर म्हणत. "इथे कुणी काही ठरवत नाही. त्याला वाटलं, त्यानं बनवला. मला वाटलं, मी खेळलो. मध्ये कुणी नाही."

"आणि तासभर भिंतीवर गोगलगाय चढवत बसलात."

"चढली की शेवटी."

खरं कारण ते लेकीला सांगत नसत, कारण सांगताना ते स्वतःलाच थोडं वेडगळ वाटे. मोठ्या कंपनीच्या खेळात आवाज बंदिस्त स्टुडिओतून येतात. तिथली हवासुद्धा गाळून घेतलेली असते. या एकांड्या लोकांकडे स्टुडिओ कुठला? ते आपल्याच घरात माईक ठेवतात. त्यामुळे त्यांच्या खेळात घर ऐकू येतं. गोगलगायीच्या खेळात मागे कुणाची तरी आई शिंकते. एका दीपगृहाच्या खेळातला समुद्र म्हणजे बादलीत सोडलेला नळ होता, हे सरांनी पहिल्या लाटेलाच ओळखलं आणि बनवणाऱ्याला तसं कळवलंही. तो खूश झाला होता. जगभरातली माणसं आपापल्या खोल्यांचं दार किलकिलं करून सरांना आत घेत होती, आणि त्याचं कुणी काही मागत नव्हतं. याला लेक 'फुकटचे खेळ' म्हणे, तेव्हा सरांच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

तर ज्या खेळापासून हे सगळं सुरू झालं, त्याचं नाव होतं 'दिवे मालवून या'. बनवणारी 'वाळवी' या टोपणनावानं वावरायची. सर त्या खेळांच्या संकेतस्थळावर 'जुना कान' होते. खेळ एवढाच: एक रिकामी कचेरी, सगळे घरी गेलेले, आणि आपण एकेका मजल्यावर जाऊन राहिलेले दिवे मालवायचे. शत्रू नाही, गुण नाहीत, मरण नाही. शेवटचा दिवा मालवला की पडदा काळाकुट्ट होतो, आणि दारापर्यंत नुसत्या पावलांच्या आवाजावर चालत जावं लागतं.

पावलं सरांना पहिल्यापासून आवडली. पातळ सपाता, त्यातल्या एकीचा पट्टा सैल. चट्, चपक्. चट्, चपक्. खाली गुळगुळीत फरशी. दोन्हीकडे भिंती जवळ, म्हणजे अरुंद बोळ. मागे कुठेतरी टेबलफॅन, मान वळवताना कुरकुरणारा. लांब एक गळका नळ. सरांनी डोळे मिटले आणि वाळवीचं घर त्यांच्यापुढे उभं राहिलं.

शेवटच्या अंधारात ते मध्येच थांबले. मुद्दाम नव्हे, चष्मा घसरला होता. त्यांनी बटणावरचं बोट उचललं. चपक्, आणि पावलं थांबली.

मग आणखी एक पाऊल पडलं.

सर तसेच बसून राहिले, एक हात चष्म्याला. शास्त्राचा माणूस, भीतीच्या आधी कारणं धावून आली. आवाज उशिरा संपला असेल. यंत्र जुनं आहे. बनवणारीची काही चूक असेल. ते पुन्हा चालू लागले आणि पुन्हा एकाएकी थांबले. चपक्... आणि मग ते. ते सपातेचं नव्हतं. अनवाणी होतं, जड, ओलसर. टाच आधी टेकवून मग तळवा हळूच पसरावा, तसं. दुसऱ्याच्या पावलात पाऊल मिसळून चालणारा माणूस, पुढचा अचानक थांबला की जसा फसेल, तसं.

बाहेर टळटळीत ऊन होतं. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी टेबलावर पडली होती. सरांनी त्या पट्टीत हात ठेवला, आणि भरदुपारी भ्यालो म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. हेडफोन काढून टाकावेत असं अंग म्हणत होतं. त्यांनी काढले नाहीत. "चल," ते पुटपुटले, कुणाला ते त्यांनाही कळलं नाही, आणि दारापर्यंत चालत गेले. दोघंही गेले.

त्यांनी खेळाच्या पानावर साधं विचारलं: पावलं दोघांची आहेत का? लगेच कुणीतरी उत्तर टाकलं, "आजोबा, खेळ फुकट आहे, पण कानाचं मशीन विकतच घ्यावं लागेल." त्यावर बरीच मंडळी हसली.

लेकीनं हसण्यावारी नेलं नाही, आणि ते जास्त लागलं. तिनं हेडफोन लावून ऐकलं, खांदे उडवले. "बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय ना, तुमच्या कानात आवाज येतात म्हणून?"

"शिट्टी येते माझ्या कानात. शिट्टीला टाच नसते."

"थोडे दिवस बंद ठेवू या का हे?"

ती हे मायेनं म्हणाली. सरांना रात्रभर झोप लागली नाही. कान गेला असेल तर गेला, वय आहे. पण गेला नसेल तर? तर एका एकट्या मुलीच्या घरात कुणीतरी तिच्या मागोमाग चालत होतं, आणि ते ऐकणारा सगळ्या जगात एकच माणूस होता, ज्याचा स्वतःवर विश्वास नव्हता. आणि तो चुकत असला, तर एक म्हातारा एका पोरीला उगाच भेडसावणार होता. त्यांनी मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी एकच ओळ ठेवली: 'पावलं रेकॉर्ड करताना तुझ्यामागून कोण चालत होतं?' खाली फोन नंबर दिला आणि विचार बदलायच्या आत पाठवून टाकलं.

फोन दुपारीच आला. घरात कुणी नव्हतं.

"जुना कान बोलताय का? काका, मी वाळवी." आवाज तरुण, जरा तुसडा. "आधी चिडले होते तुमच्यावर. म्हटलं, फुकट खेळायचं आणि वर चुका काढायच्या."

"बरोबर आहे तुझं."

"मग आवाज पूर्ण चढवून ऐकलं. मी एकटीच राहते, काका. रेकॉर्ड करताना दाराला आतून कडी होती."

सर म्हणाले, "हे बघ, माझं चुकतही असेल. माझं वय झालंय, कान..."

"माझे कान ठणठणीत आहेत. मलाही ऐकू आलं."

"मग आधी तिथून नीघ, बाळ. मैत्रिणीकडे जा, कुठेही जा."

"मी का जाऊ?" ती ओरडली नाही. उलट आवाज खाली गेला. "दिवसभर दुसऱ्यांची कामं करते. घरी येऊन इथे बसून हा खेळ केला. कुणाच्या बापाला विचारलं नाही. कुणी म्हणालं, याचं पुढे काय होणार. म्हटलं, काही होऊ नये म्हणूनच करतेय. ही एकच जागा आहे जिथे मला कुणी काही सांगत नाही. जायचंच असेल तर त्यानं जावं."

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर पोरकटपणा म्हटलं असतं. भीतीनं गार पडलेल्या सरांना मात्र त्या क्षणी, कसं कोण जाणे, त्या पोरीचा अभिमान वाटला.

"काका, मी आता बोळात उभी आहे. मी चालते. तुम्ही ऐका. तुमच्यासारखं ऐकणारं मला दुसरं कुणी माहीत नाही."

"नको..."

चट्, चपक्. चट्, चपक्. तीच फरशी, तेच कुरकुरणारं पंख्याच्या मानेचं हाड. नळ गळत होता. सरांनी डोळे मिटून घेतले.

"ओल्या चुन्याचा वास येतोय इथे," ती कुजबुजली. "मघाशी नव्हता..."

ती थांबली. चपक्.

आणि मग ते पाऊल, टाचेवरून तळव्यावर, सावकाश.

"काका... काही ऐकू आलं?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं. नाही म्हटलं की पोरगी हसेल, फोन ठेवेल, लेकीचं म्हणणं खरं ठरेल, संध्याकाळी चहा होईल. सरांनी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी 'कदाचित' म्हटलं होतं, 'तपासून पाहावं लागेल' म्हटलं होतं. ते म्हणाले, "आलं."

"कुठे?"

"तुझ्या मागे. हाताच्या अंतरावर."

"मागे काही नाही. दिवा चालू आहे. बोळ रिकामा आहे, काका..."

"दिसत नसेल. पण आहे. थांबू नकोस. दाराकडे चालत राहा."

ती चालली नाही. सपाता फरशीवर गर्रकन फिरल्याचा आवाज आला. ती वळली होती. मग ती बोलली, आणि ते सरांशी नव्हतं.

"ऐक. हे घर माझं आहे. इथे मी कुणाला घाबरून चालणार नाही. तुला जिथे जायचं तिथे जा, पण इथून नीघ."

पंखा. नळ. मग अनवाणी पावलं पुन्हा सुरू झाली. सर अंदाज घेत होते, लांब जाताहेत का. ती लांब गेली नाहीत. जवळ आली, आणखी जवळ, अगदी फोनच्या तोंडाशी आल्यासारखी, आणि तिथे बंद झाली. सरांना आपल्या कानाची पाळी गार लागली.

"गेलं का?" ती म्हणाली.

सरांनी फार वेळ ऐकलं. "बोळात आता काही नाही," ते म्हणाले. तेवढं खरं होतं.

काही आठवड्यांनी वाळवीनं खेळाची नवी आवृत्ती ठेवली. खाली टीप होती: 'पावलांचा निकाल लावला आहे. जुन्या कानाचे आभार.' सरांनी त्याच दुपारी, पडदे उघडे ठेवून, तो खेळला. शेवटच्या अंधारात ते मुद्दाम थांबले. पावलंही थांबली, जिथल्या तिथे. पुन्हा चालले, पुन्हा थांबले. एकच माणूस. सपाता गेल्या होत्या. आता अनवाणी चाल होती. बहुधा त्या सपातांचा आवाजच नको झाला असेल तिला, सरांना वाटलं. त्यांनी लेकीला बोलावलं. तिनं हेडफोन लावले, अंधारातून दारापर्यंत चालली आणि म्हणाली, "छान आहेत की पावलं. अगदी आपणच चालतोय असं वाटतं."

सरांनी खेळाच्या पानावर लिहिलं: 'आता एकच जण चालतो. कानाचं मशीन सुचवणाऱ्यांनी दोन्ही आवृत्त्या लावून ऐकाव्यात आणि मग बोलावं.' आयुष्यात इतकं ताठ वाक्य त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं. कुणी उलट बोललं नाही. लोक खेळत राहिले आणि लिहीत राहिले: कसली पावलं आहेत ही, अंगावर काटा येतो. लेकीनं खेळ बंद ठेवण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. सर रोज दुपारी खेळत राहिले.

पुढे कित्येक वर्षांनी अशा हौशी मंडळींचा एक मेळावा भरला. एका वाचनालयाच्या सभागृहात टेबलं मांडून जो तो आपला खेळ दाखवत होता. तिथे वाळवी भेटली. ती अजून त्याच घरात राहत होती. "हलले नाही काका," ती हसून म्हणाली. "त्या दिवसानंतर तिथे चिटपाखरूही नाही."

"चांगलं केलंस," सर म्हणाले. "आणि अनवाणी पावलं रेकॉर्ड केलीस तेही चांगलं केलंस. लोक अजून नावाजतात."

वाळवीचा चहाचा कप ओठांशी थांबला.

"ते जुन्या आवृत्तीबद्दल लिहितात ना? आणि तुमचं 'एकच जण चालतो', ते मला खेळणाऱ्याबद्दल वाटलं." ती म्हणाली. "नवीत मी पावलं ठेवलीच नाहीत, काका. पुन्हा त्या बोळात माईक ठेवायला मन होईना. मी खेळते तेव्हा शेवटचा अंधार गप्पच असतो."

सर घरी आले आणि नव्या आवृत्तीच्या फोल्डरमधला एकेक आवाज उघडून ऐकत गेले. पंखा होता. नळ होता. दिव्याच्या बटणाचा आवाज होता, दाराचा होता. मग त्यांनी लेकीला शेजारी बसवून सगळे पुन्हा ऐकले, आपला कान चुकू नये म्हणून. पावलांचा आवाज त्या खेळात कुठेही नव्हता.