ओली वाटी

बाराला वीज जायची, म्हणून पावणेबाराला मोटार लावायची, टाकी भरून घ्यायची आणि मिक्सरवरचं वाटण उरकायचं, हा तहमीनाचा रोजचा नेम. २००६ च्या उन्हाळ्यात शिरूरच्या बाजूला लोडशेडिंगचं वेळापत्रक लोकांना पाढ्यांसारखं पाठ होतं. बाराच्या ठोक्याला पंखा फिरत फिरत थांबायचा, फ्रिज एक आचका देऊन गप्प व्हायचा, आणि मग चार वाजेपर्यंत आपल्याच बांगड्यांचा आवाज आपल्याला ऐकू यायचा.

कॉलनीचं नाव रिव्हर व्ह्यू पार्क. घोडनदी बघायची तर पाण्याच्या टाकीवर चढून टाचा उंच कराव्या लागत, ही गोष्ट वेगळी. आठेक वर्षांपूर्वी इथे मारुतरावांची ज्वारी होती. रांजणगावला कारखाने आले, जमिनीला भाव आला, मारुतरावांच्या मुलाने, विक्रमने, प्लॉट पाडले आणि बघता बघता वीस-बावीस घरं उभी राहिली. लातूरचे मास्तर, केरळची नर्स, एका खोलीत पाच-पाच बिहारी वेल्डर, अशी चार दिशांची माणसं पोटामागे येऊन एका पाइपलाइनवर पाणी भरत होती. सकाळी कंपनीच्या बसा आणि शाळेच्या रिक्षा भरून गेल्या की कॉलनीत चिटपाखरू उरत नसे. भुताखेतांना रात्रच लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी अशी दुपार काढलेली नसते. रात्री निदान घराघरांतून टीव्ही तरी बोलत असतात.

तहमीना दौंडच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली. एका भिंतीला ख्रिश्चन, दुसऱ्या भिंतीला तेलुगू, समोर मराठे. भिंतींवरून दिवसभर वाट्या जायच्या-यायच्या. "दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये," असं तिची आई खातून सांगायची. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर का होईना, घालूनच वाटी परत जायची. आई गेली, पण ती शिकवण लेकीच्या अंगात मुरली होती.

इथे येऊन दीड महिना झाला तरी तिच्या दारी एकही वाटी आली नव्हती. तिनेही पाठवली नव्हती. आपल्या हातचं हे लोक खातील का, हा प्रश्न तिला पडलेला. आणि दुसरं मोठं ओझं पोटात होतं. याआधी दोनदा पाचव्या महिन्यात तिच्या पोटचं निसटलं होतं. आता पुन्हा पाचवा लागला होता. डॉक्टरीणबाईंनी निजून राहायला सांगितलेलं, आणि नवरा शाकीर फिटर, सकाळी सहाच्या बसने जाणारा. सबंध दिवस ती पोटावर हात ठेवून पोर हललं की नाही याची चाहूल घेत बसायची. तिच्या जिवाला दुसरा उद्योगच उरला नव्हता.

अशाच एका दुपारी, वीज गेल्यावर, तिला चुलीचा वास आला. जळत्या गोवरीचा, धुरकट. सगळ्या कॉलनीत गॅस, आणि हा वास कुठला? तिने मागचं दार उघडलं. बाहेर रखरखीत ऊन. मागच्या कट्ट्यावर एक पितळी वाटी, वर पळसाचं पान. आत वांग्याचं भरीत, निखाऱ्यावर भाजलेलं.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं. चार दिवस तिला हेच खावंसं वाटत होतं आणि ती कुणाला बोलली नव्हती.

वाटी गार होती. बाहेरून ओली, आत्ताच धुतल्यासारखी. कडेवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं: तुळजाबाई मारुतराव. म्हणजे मारुतरावांच्या घरची. त्यांची सून सविता कॉलनीच्या तोंडाशी बंगल्यात राहायची, शाळेत बाई होती. तहमीनाला भरून आलं. तिने वाटी पुसून तीत काठोकाठ गोड शेवया घातल्या आणि कट्ट्यावर ठेवली. संध्याकाळी वाटी गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी शेंगोळी आली. मग ताकातल्या कण्या, मग कुळथाचं माडगं. तीही रोज काहीबाही घालून वाटी परत ठेवायची. वाटी रोज ओलीच यायची आणि बुडाला बारीक वाळू चिकटलेली असायची. शाकीर हसून म्हणाला, "खा ले ना. पडोस अच्छा मिल्या, नसीब हमारा." आठ दिवसांत तिच्या गालांवर रंग आला.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती वाटीत गुलगुले घेऊन बंगल्यावर गेली. आभार समोरासमोर मानावेत म्हणून.

सविता गोंधळली. "म्या धाडलं? न्हाई गं बाई. मलाच लाज वाटत होती, पोर दोन जिवांची हाय आन् आपण एकदा बी डबा धाडला न्हाई म्हणून. शाळेतनं येऊस्तवर चार वाजत्यात…" बोलता बोलता तिची नजर वाटीवर गेली आणि ती थांबली. मग हलकेच म्हणाली, "आबा, जरा बघता का?"

पडवीतल्या खाटेवरून मारुतराव उठले. सत्तरी ओलांडलेला, उंचापुरा म्हातारा. वाटी हातात घेऊन त्यांनी नावावरून अंगठा फिरवला. किती तरी वेळ फिरवत राहिले.

"तुज्या घराच्या जागी आमची वस्ती हुती, पोरी," ते म्हणाले. "तुजा गॅस हाय ना, तितंच हिची चूल. बांधावरनं दुपारचं कुणी बी जाऊ दे, उपाशी जाऊ द्यायची न्हाई. माझं नाव कवा घेतलं न्हाई तिनं. जेवायला बोलवायचं तर ही वाटी दगडावर वाजवायची… तीनदा. म्या पाटाच्या पाण्यात हात धुवायचा आन् जायचं."

"मग त्या…"

"प्लॉट पाडले तवा चूल मोडली. महिन्याभरात गेली. अन्नच सोडलं हुतं." त्यांनी वाटी नाकाशी नेऊन वास घेतला. "राख सावडली त्या दिवशी ही वाटी घोडनदीत सोडली म्या. माज्या हातानं… मधल्या डोहात."

तहमीनाला वाटीच्या बुडाला रोज चिकटलेली वाळू आठवली.

मारुतरावांनी वाटी तिला परत दिली. "चुलीवरचंच असतं का गं?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. "मला कवा न्हाई आली," ते म्हणाले आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. तहमीनाला भीती वाटत होती, तरी त्या पाठीकडे बघून तिला म्हाताऱ्याची कीवही आली.

घरी आल्यावर मात्र भीतीने बाजी मारली. आठ दिवस आपण काय खाल्लं? पोटातल्या जिवाला काय भरवलं? तिने वाटी चिंचेने घासली, तीन पाण्यांनी धुतली. दुसऱ्या दिवशी बाराच्या आत ती कट्ट्यावर ठेवली. रिकामी. आणि पालथी. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. पालथं भांडं म्हणजे संबंध तुटला. आईने पाहिलं असतं तर बोल बोल बोलली असती.

त्या दुपारी वास आला नाही. वाटीही दिसेनाशी झाली. शाकीरला तिने सगळं सांगितलं, तेव्हा तो दोन दिवस रजा घेऊन घरी बसला. तिसऱ्या दिवशी त्याला जावंच लागलं.

त्याच दिवशी बारा वाजून गेल्यावर न्हाणीघरात तिच्या ओटीपोटात कळ आली. ही कळ तिच्या ओळखीची होती, दोनदा भेटलेली. ती भिंतीला धरून खाली बसली. फरशीवर रक्ताचा थेंब पाहिला आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बॅटरी संपलेला मोबाइल बाहेर चार्जरला लावलेला, चार्जरला वीज नाही. "कोई है?" ती ओरडली. आवाज दोन घरांपलीकडे गेला नसता, आणि दोन घरांपलीकडे होतं तरी कोण? "या अल्ला, ये वाला छोड दे," एवढंच ती पुटपुटत राहिली.

तेवढ्यात मागच्या कट्ट्यावर आवाज झाला.

ठण्… ठण्… ठण्.

दगडावर पितळ. गोवरीचा धूर न्हाणीघराच्या खिडकीतून आत आला. पुन्हा तोच आवाज, जरा लांबून, मास्तरांच्या घराशी. पुन्हा, आणखी लांबून, कॉलनीच्या तोंडाशी. कुणी तरी वाटी वाजवत चाललं होतं… आणि पावलांचा आवाज मुळीच नव्हता.

मग तोच आवाज परत येऊ लागला. या वेळी त्याच्या मागोमाग करकरणाऱ्या चपला होत्या.

"पोरी? कुठं हायेस?" दारात मारुतराव उभे होते. त्यांनी एकदा फरशीकडे पाहिलं, धोतराचा काचा मारला आणि लेकीला उचलावं तसं तिला उचललं. रस्त्यात आडवे उभे राहून दुधाचा टेम्पो थांबवला. शिरूरच्या दवाखान्यात गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला गेला. आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी शाकीरने म्हाताऱ्याचे पाय धरले. मारुतराव त्याला उठवत म्हणाले, "मला वाटलं, जेवायलाच बोलावती. इतक्या वर्सांनी. हात धुऊन निघालो बग." ते हसले, पण डोळे पुसायला लागले.

दवाखान्यातून तहमीना घरी आली तेव्हा वाटी कट्ट्यावर होती. उताणी, रिकामी, आणि कोरडी ठणठणीत. तिने ती मारुतरावांना देऊ केली. "तुज्याकडंच राहू दे," ते म्हणाले. "चूल तुज्या घरात हाय." तिने ती फळीवर ठेवली. रोज दुपारी जेवण्याआधी पहिला घास त्या वाटीत काढून ती कट्ट्यावर ठेवी. चिमण्या खात की आणखी कुणी, हे तिने कधी पाहिलं नाही.

ऑगस्टात मुलगी झाली. नाव ठेवलं राबिया. मारुतराव रोज सकाळी येऊन तिला मांडीवर घेत आणि आपल्या मिशा ओढू देत.

पुढच्या उन्हाळ्यात, राबियाला दात येत होते तेव्हाची गोष्ट. दुपारी वीज गेली, आणि लांब, कॉलनीच्या तोंडाशी आवाज झाला. ठण्… ठण्… ठण्. तहमीनाने फळीकडे पाहिलं. वाटी जागेवर नव्हती. ती मुलीला कडेवर घेऊन अनवाणी धावली. मारुतराव पडवीतल्या खाटेवर निजलेले होते. चेहरा शांत. हाका मारल्या, हलवलं. गेलेले होते.

बंगल्याच्या नळाला सकाळपासून पाणी नव्हतं. तरी आबांचा उजवा हात मनगटापर्यंत ओला होता, जेवायला बसण्याआधी धुतात तसा. बोटांच्या टोकांवरून अजून पाणी ठिबकत होतं.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. त्या रात्री मास्तरांकडून पिठलं-भाकरी आली, नर्सबाईंनी भात आणला, वेल्डरांच्या खोलीतून लिट्ट्या आल्या. तहमीना डाळ-भाताचं पातेलं घेऊन दारातच उभी राहिली. रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी सविता उठली आणि तिच्याच पातेल्यातला पहिला घास तिने तोंडात घातला. आपल्या हातचं खातील का, हा प्रश्न तहमीनाला पुन्हा पडला नाही. घरी आली तेव्हा वाटी फळीवर होती. कोरडी.

त्यानंतर दोन वर्षं काही झालं नाही. कॉलनीत भांडी फिरू लागली, इतकी की कुणाचं झाकण कुणाकडे ते कळेना. राबिया दुडुदुडु धावायला आणि तीन भाषांची खिचडी बोलायला लागली. पहिला घास काढायचा नेम तहमीनाने पाळला, पण पाळता पाळता त्यातली भीती गेली आणि सवय उरली. कामाच्या गडबडीत एखादा दिवस राहूनही जायचा. मग दोन दिवस. त्या मे महिन्यात तर आठवडाभर वाटी फळीवरून खाली आलीच नव्हती.

दुपारची वेळ होती. वीज गेलेली. टाकी रिकामी, पिंपावर झाकण, झाकणावर दगड. तहमीना कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला आवाज असा आला नाही. वास मात्र आला. गोवरीचा, धुरकट.

मागच्या दारातून राबिया आत आली. खुशीत होती.

"अम्मी, मी जाऊ? आजी जेवायला बोलावती."

"कुठली आजी?"

"ती काय… वाटीवाली. आबा पण हाय."

तहमीनाने फळीकडे पाहिलं नाही. तिने आधी दार लावलं, कडी घातली. मग तव्यावरची भाकरी होती तिचा तुकडा मोडला, खिडकीतून कट्ट्यावर ठेवला आणि खिडकीच्या गजांना धरून म्हणाली, "आजी, चुकले मी. पुन्हा न्हाई चुकायची. तुम्ही दोघं जेवा. हिला मी जेवू घालते… हिला मीच घालते."

बाहेर उन्हात काही हललं नाही. धुराचा वास हळूहळू विरत गेला. तिने पोरीला मांडीवर ओढून घट्ट धरली, तेव्हा तिच्या मानेला गार स्पर्श झाला.

राबियाचा उजवा हात मनगटापर्यंत ओला होता. तळव्याला बारीक वाळू.

तहमीनाने ओढणीने तो पुसला. वाळू गेली. पुन्हा पुसला, चोळला, स्वतःच्या तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली. चार वाजता वीज आली तेव्हा पंख्याखाली धरून बसली. ओढणीचं टोक भिजून चिंब झालं, तरी तो हात ओलाच होता.