टाकलेली सताप

कुएन्काच्या बाजारात शुक्रवारी नजर उतरवणाऱ्या बायका बसतात. गिऱ्हाइकाच्या अंगावर सतापीच्या उग्र वासाच्या पाल्याची जुडी झोडपायची, तोंडातल्या उसाच्या दारूचा फवारा मारायचा, जुडी कोपऱ्यात भिरकावायची. उतरलेली नजर त्या जुडीत जाते, म्हणून त्या ढिगाला कुणी हात लावत नाही.

देलियानं लावला.

प्रयोगशाळेत बरण्यांमध्ये वाढवलेली तिची सगळी सताप बुरशीनं गेली होती. तिच्यातून औषधी द्रव्य काढायचं. देलिया आणि ग्लादिस, दोघींपैकी जिची रोपं जोमदार, तीच नोकरीत राहणार. ढिगातला एक शेंडा टवटवीत दिसला. ब्लीचमध्ये बुडवून तिनं तो बरणीत लावला. ब्लीचपुढं कसली आलीय नजर!

शेंडा फुटला. कापला, आणखी फुटला. पावसाळा सरेपर्यंत फळ्या भरल्या. द्रव्य दुप्पट.

ग्लादिस हसतमुखानं सामान आवरू लागली.

"एवढ्या सहज निघालीस? आधी तर माझं तोंड बघत नव्हतीस."

"गळाच आवळला असता गं तुझा!" ग्लादिस खळखळून हसली. "झोप उडाली होती माझी. शेवटी बाजारात जाऊन नजर उतरवली. म्हातारी दमली झोडपून. म्हणाली, पोरी, एवढं विष कुणासाठी साठवलंस? आता बघ, कशी हलकी झालेय. तू माझ्याच जुडीतला शेंडा उचललास त्या दिवशी, मी तिथंच होते."

"मग अडवलं का नाहीस?"

"म्हटलं, बाई शिकलेली आहे. हिला सगळं कळतं."

ती गेली. साहेबांनी दारातूनच सांगितलं, "देलिया, नोकरी तुझी. आता प्रत्येक रोपाचे चार तुकडे कर. एकही फेकायचं नाही."

दिवे वर होते. शेंडे मात्र आडवे, काचेला टेकलेले, तिच्या खुर्चीच्या रोखानं.

सगळ्या बरण्यांत.

दिव्यांची ऊब असेल, असं म्हणत तिनं खुर्ची समोरच्या भिंतीशी नेली. पहिली बरणी उघडली.

दारूचा वास.

झाकण लावून ती जेवायला गेली. उकडलेल्या मक्याचा घास तोंडातच फिरत राहिला. घरी जावं का? पण मग ही नोकरी ग्लादिसला.

परत येऊन तिनं दार ढकललं.

शेंडे वळले होते. खुर्चीकडं नाही, दाराकडं.

वरच्या फळीवरचे खाली वाकलेले. खालच्या फळीवरचे वर ताणलेले.

सगळे तिच्या गळ्याच्या उंचीवर.