न थरथरलेली मोटार

पुण्याच्या प्रकाशचित्र प्रयोगशाळेत डॉ. इरफान मुजावरांनी १९०७ सालची काचेची निगेटिव्ह कंपनवाचक यंत्रात सरकवली. शेजारी शालन खरमाळे बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, आयटीआयमधल्या निवृत्त यंत्रशिक्षिका. फोटोत त्यांचे आजोबा भिकाजी, संस्थानाचे मोटारचालक, संस्थानाच्या मोटारीजवळ उभे होते. फोटो निघाल्यावर पाचच मिनिटांत त्या मोटारीखाली एक कारकून चिरडला गेला. 'गाडी आपोआप निघाली,' असं भिकाजींनी कोर्टात सांगितलं. पण हँडल फिरवल्याशिवाय मोटार सुरू होईलच कशी? कोणी मानलं नाही. सात वर्षांची सजा झाली आणि घराला गाव सोडावं लागलं.

"त्या काळी फोटोला अर्धा सेकंद लागायचा," मुजावर म्हणाले. "तेवढ्या वेळात चालू इंजिन गाडीला हलवतं. दिव्याच्या पितळेवरची चमक ठिपका न राहता रेघ होते. रेघेच्या वळणांवरून इंजिन ओळखायचं आणि इंजिनावरून गाडी."

पडद्यावर चमक उमटली. नुसता ठिपका.

"इंजिन बंद होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे नंतर कोणीतरी हँडल मारलं. माफ करा, बाई."

म्हणजे कोर्टाचंच बरोबर होतं. तरी शिकवण्याच्या सवयीने शालनताई फोटोचा कोपरान् कोपरा तपासत राहिल्या.

"सर, मागच्या चाकाजवळची भिंत विरघळल्यासारखी का दिसते?"

मुजावरांनी तो भाग मोठा केला. तेवढ्याच विटांच्या कडा लहरत होत्या. "गरम हवेमुळे होतं असं. पण इंजिन तर बंद आहे."

"भट्टी पेटलेली आहे," शालनताई सावकाश म्हणाल्या. "ही वाफेची मोटार आहे, सर. पुढचं बॉनेट शोभेचं, त्यालाच फसून सगळ्यांनी ती पेट्रोलची धरली. वाफेचं इंजिन उभ्या गाडीत फिरतच नाही, मग थरथर कुठून येणार? आणि तिला हँडल लागत नाही. वाफेची झडप गळायला लागली, की..."

"की गाडी निघते," मुजावर म्हणाले. "कोणी हात न लावता."

शालनताईंनी थोरल्या भावाला फोन लावला. सगळं ऐकून अण्णांनी विचारलं, "आजोबा दिसतात कसे गं?"

सकाळपासून शालनताईंनी दिवा पाहिला होता, चाक पाहिलं होतं. आता त्यांनी फोटो वर सरकवला.

"पंचविशीचा पोरगा आहे, अण्णा. टोपी तिरकी घातलीय. हसू दाबतोय."