मोटारीचं दावं

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण हे भावकूआत्यानं मला स्वतः सांगितलंय. आणि मोटार चालवत होते माझे वडील, रवळू.

साल १९३९. आमचं गाव खानापूरच्या आत, रानात. थोरली आत्या बाळंतपणाच्या कळा देत बैलगाडीतच गेली होती. बेळगावचा दवाखाना गाठायच्या आधी.

आता भावकूआत्याचे दिवस भरत आले होते. माझे आजोबा मारुतीराव यांनी ठरवलं... काहीही होवो, मोटार घ्यायची.

नवी कुठली परवडणार? निपाणीचे उपेंद्र वकील आपली जुनी मोटार स्वस्तात काढत होते. आजोबांनी ती बैल पारखावा तशी पारखली. चाकांना लाथा मारल्या, खाली वाकून पाहिलं. खोट सापडली नाही.

आमच्याकडं बैल विकणारा त्याचं दावं, म्हणजे गळ्यातली दोरी, कधी देत नाही. ते स्वतःच्या गोठ्यात ठेवतो. बैल जावा, घरची लक्ष्मी जाऊ नये.

"वकीलसाहेब, मोटारीचं कायतरी घरात ठिवून घ्या," आजोबा म्हणाले.

"काही नको. सगळं न्या. चिंधीसुद्धा इथं ठेवू नका."

असं कुणी बोलतं का? तेव्हाच ओळखायला हवं होतं!

तवंदी घाटात पहिल्यांदा आवाज आला. मागच्या डाव्या काचेवर...

टक. टक. टक.

वडिलांनी वळून पाहिलं. मोटार पळत होती. बाहेर कोण असणार?

घरी आल्यावर भरदुपारी त्याच काचेवर तळहातांचे ठसे दिसले. बाहेरून उमटलेले. वडील पुसायचे... ते परत यायचे.

एका तिन्हीसांजेला आत्याला कळा सुरू झाल्या. आजी हयात नव्हती, म्हणून आजोबाच सोबत निघाले. आत्या एकटी मागे.

रानातल्या रस्त्यावर मोटार बंद पडली.

वडील उतरून हँडल मारत राहिले. इंजिन हूं की चूं करेना. आणि मग...

टक. टक. टक.

"दादा," आत्या कण्हत म्हणाली, "बाई हाय भायेर. पोटुशी हाय. मला बी न्या म्हणतीया." वडिलांनी पाहिलं, काचेपाशी कुणीच नव्हतं.

आजोबा पेटले. "माझी एक लेक गेलीया! ही न्हाय देणार! चल नीघ हितनं!"

"आप्पा, भांडू नगासा! दार उघडा!" आत्या किंचाळली.

आजोबांनी दात ओठ खात दार उघडलं. "बस गं बाई. तुला बी नेतो."

आत्या उजवीकडं सरकली. डावीकडची गादी हळूहळू... खाली दबली.

पहिल्याच हँडलला मोटार सुरू झाली.

बेळगावात आत्याला मुलगी झाली. दोघी वाचल्या. वडिलांनी बाहेर येऊन मोटार पाहिली. गादी ओली होती, रक्तानं. पण डाव्या बाजूला. आत्या तर उजवीकडं बसली होती...

आजोबा मोटार घेऊन थेट निपाणीला गेले. गादी उपटली आणि वकिलाच्या ओसरीवर फेकली. वकील आत दडला. बाहेर आली त्याची आई, अंबुबाई. गादी बघताच तिनं कपाळ बडवून घेतलं.

"सून कळा देत ह्याच मोटारीची काच बडवत होती हो... ह्याला कोर्टाची घाई. दार उघडलं नाही. नव्या गादीला डाग पडतील म्हणाला. अंगणातच गेली पोर."

आजोबांचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला.

"वकील! हे तुमचं दावं! आता ठिवा घरात!"

ते पायऱ्या उतरले, तोच वकिलाच्या बंद खोलीच्या दारावर... आतून...

टक. टक. टक.

आमच्या मोटारीत तो आवाज पुन्हा कधी आला नाही.

मला भुताचा राग नाही. गादीपायी बाईला मरू देणाऱ्या त्या नालायकाचा आहे. भोग म्हणावं जन्मभर! एकदा आत्यासमोर मी म्हणालो, "बरी अद्दल घडली." आत्या माझ्यावरच उसळली.

"काय बरं झालं रं? मी तिला शेजारी बसवून आणली. आन् आप्पांनी तिला परत त्याच घरात नेऊन टाकली!"

तेव्हापासून तो आवाज माझ्या डोक्यातून जात नाही. त्या बंद खोलीतून ती त्याला भेवडावत होती... की कुणीतरी दार उघडावं म्हणून पुन्हा विनवत होती?