डेड इंजिनातली हाक

घाटनांदूरला मालगाडी बाजूच्या लाइनीवर उभी केली की चैतालीच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. एक्स्प्रेस जाईपर्यंत बसा आपले हातावर हात धरून! पोरीच्या पायाला जन्मताच भिंगरी आहे, असं तिची आई म्हणायची. म्हणूनच परळीतल्या मैत्रिणी शिक्षिका व्हायच्या तयारीला लागल्या, आणि ही बया रेल्वेत असिस्टंट पायलट झाली. म्हणजे इंजिनात चालवणाऱ्याच्या शेजारी बसून सिग्नल बघायचे. त्या सकाळीही तिला बसवेना. मागं जोडलेल्या डेड, म्हणजे बंद करून नुसतं ओढत न्यायच्या, इंजिनाची चाकं तापलीत का बघते, असं तिनं तिच्या पायलटला, त्रिंबकमामांना सांगितलं आणि टुणकन उतरली.

ते मागचं इंजिन विजेचं, पण फार जुनं. उभी हयात परमुलखात मालगाड्या ओढण्यात गेली. परळीच्या लाइनीवर विजेची तार आली, तोवर याची पळायची उमर सरली. आता त्याला परळी स्टेशनासमोर चौथऱ्यावर बसवणार होते, लोकांनी बघायला. काय एकेकाचं नशीब असतं बघा.

एक्स्प्रेस धडधडत निघून गेली. चैताली चाकाशी वाकली होती, पाठ सिग्नलकडे. तेवढ्यात डोक्यावरून खणखणीत आवाज आला...

"स्टार्टर हिरवा."

तिचा हात आपोआप वर गेला. "स्टार्टर हिरवा," तीही म्हणाली.

रेल्वेची रीतच तशी. एकानं सिग्नल पुकारायचा, दुसऱ्यानं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि परत म्हणायचा. न बघता म्हणणं म्हणजे महापाप. आणि हिनं तर मान वळवलीसुद्धा नव्हती! दचकून तिनं बघितलं. गाडी सोडायचा तो स्टार्टर सिग्नल खरंच हिरवा होता, आणि डेड इंजिनाच्या खिडकीत एक सावळा, शिडशिडीत पोरगा गालात हसत होता.

"मॅडम, न बघताच म्हणलात की."

"आन तुमी कुणाला पुकारताय? हे इंजिन काय पळणार हाय का?"

"न्हाई. सवय हाय नुसती..." तो जरासा थांबला. "पण मागून उत्तर आज लई दिवसांनी आलं."

चैतालीचे कान तापले. ती पळतच पुढं गेली, आणि परळी येईपर्यंत त्रिंबकमामा तिच्याकडं तिरप्या नजरेनं बघत राहिले.

पोराचं नाव जीवन, गाव धर्मापुरी. याच इंजिनावर तो असिस्टंट होता. मोटारसायकलवरून पडला, गुडघा गेला, तेव्हा त्याला पळत्या गाडीवरून काढून तिकडंच इंजिनं दुरुस्त करायच्या शेडमध्ये बसवलं. इंजिन म्हातारं झाल्यावर त्याला खरवडून, रंगवून चौथऱ्यावर पोचवायचं काम त्यानं मागून घेतलं होतं. आता ड्युटी संपली की चैतालीचे पाय घराकडं वळायचे सोडून त्या इंजिनाकडं वळू लागले. ती जुना रंग खरवडायची, तो पिवळा पट्टा ओढायचा. त्रिंबकमामांनी सिरसाळ्याच्या शेतातून ज्वारीची कोवळी कणसं आणली तेव्हा रुळाशेजारीच आगटी पेटली. जीवननं भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं, फुंकून कोंडा उडवला आणि गरम हुरडा तिच्या ओंजळीत ओतला. बोटाला बोट लागलं. दोघांचेही हात काळे, त्यामुळं कुणाचा रंग कुणाला लागला ते कळायला मार्ग नव्हता.

इकडं घरी वेगळीच घाई. अंबाजोगाईचं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, माणसं चांगली, अट एकच... मुलीनं पळती गाडी सोडून ऑफिसातलं काम घ्यावं. तिचे वडील, नाना, रोज तेच म्हणत. सगळ्यांनी बघितलाय त्याला, तू नुसतं हो म्हण. रविवारी उत्तर द्यायचं ठरलं. रोजच्या कटकटीनं चैताली इतकी दमली होती की एकदा हो तिच्या ओठांवर आलंही होतं. म्हणून टाकावं, सुटावं. पण रात्रंदिवस जीव थाऱ्यावर राहीना.

स्थळाची बातमी मामांनीच जीवनला सांगितली. झालं! दुसऱ्या दिवसापासून हसणं बंद, बोलणं बंद. ती आली की हा इंजिनाच्या पलीकडच्या बाजूला रंग द्यायला जायचा.

रविवारी क्रेन आली. इंजिन हवेत उचललं गेलं आणि अलगद चौथऱ्यावर टेकलं. जीवनची शेडकडं परतायची गाडी दुपारची होती. तो केबिनमध्ये ब्रश गुंडाळत होता, तोच चैताली शिडी चढून आत आली.

"चाललात?"

"काम संपलं, मॅडम."

"तुमी तर समदे सिग्नल पुकारता. मग हा एकच कावून गिळला?"

त्यानं ब्रश खाली ठेवला. "तुमी पळणाऱ्या. मी हा असा, शेडात बसलेला. काय तोंडानं पुकारू?"

"त्याच तोंडानं. घाटनांदूरला जे उघडलं व्हतं."

बाहेर कुणीतरी नारळ फोडला. जीवननं हात वर केला आणि सिग्नल पुकारतात तशाच सरळ आवाजात म्हणाला, "माझा जीव जडलाय तुमच्यावर."

चैतालीचा हात मात्र खालीच राहिला.

"म्हणा की... न्हाईतर न्हाई म्हणा," तो म्हणाला.

"थांबा. मागल्या येळी न बघता म्हणलं व्हतं."

तिनं बघितलं. नखांतला पिवळा रंग बघितला, आखडलेला गुडघा बघितला, ते घाबरलेले डोळे बघितले. घाई म्हणून कशी ती केलीच नाही, जन्मात पहिल्यांदाच.

"आन माझी ड्युटी?" तिनं विचारलं.

"पळत ऱ्हा. कुणी थांबवलंय?"

मग तिनं हात वर केला. "माझा जीव जडलाय तुमच्यावर."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नानांचा. अंबाजोगाईची माणसं उत्तराची वाट बघत होती. चैतालीनं जीवनच्या हातातला ब्रश काढून घेतला, तो हात घट्ट धरला आणि फोन कानाला लावला.

"नाना, त्यांना न्हाई म्हणून सांगा. वैशाखी पौर्णिमेला धर्मापुरीची माणसं येतील आपल्याकडं." पलीकडं नाना काहीतरी मोठ्यानं विचारत होते.

"व्हय नाना," ती म्हणाली, "मी नीट बघितलाय त्याला."