पालथा हात

धनत्रयोदशीला गाडी न्यायला येतो, असं सीतापूरच्या गिऱ्हाइकाने कळवलं, तेव्हा मुक्ताने नफीस मिस्त्रींना फोन केला. चार महिने अलीगंजच्या घरासमोर कडुनिंबाखाली उभी राहून पिकअपची बॅटरी उतरली होती. टपावर निंबोळ्या वाळून चिकटल्या होत्या, आणि मागच्या हौद्यात एका मांजरीने पिल्लं घालून, वाढवून, कुठेतरी नेलीही होती. मिस्त्री दुसरी बॅटरी घेऊन आले आणि गाडीभोवती एक चक्कर मारून थांबले.

"बिटिया, इंजीनियर साहब होते तो इसे एक दिन सोने न देते."

"म्हणून तर विकतेय," मुक्ता म्हणाली. वीस वर्षांच्या ओळखीत मिस्त्रींना एवढं मराठी कळायला लागलं होतं. ते हसले नाहीत.

त्यांचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. पत्र्याची शेड, तेलाने काळी झालेली जमीन, भिंतीला टेकवून ठेवलेले टायर. मुक्ता प्लास्टिकच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसली, पण त्याचं एकही पान उलटलं नाही. जुनं इंजिन ऑइल डांबरासारखं जाड धार धरून पडत राहिलं. फिल्टर बदलले, खालच्या सांध्यांना ग्रीस भरलं, ब्रेक साफ केले. मग चाकांची अदलाबदल. जॅक लावण्याआधी मिस्त्रींनी खडूने प्रत्येक टायरवर, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरच, ते कुठे बसवायचं ते ठसठशीत लिहिलं. पुढचं डावं चाक मागे जाणार होतं. त्यावर लिहिलं 'पीछे बायाँ'.

"और स्टेपनी?"

"ती राहू द्या," मुक्ता म्हणाली. "ती तशीच राहू द्या."

हौद्याच्या खाली साखळीने टांगलेलं ते पाचवं चाक म्हणजे जूनमध्ये पंक्चर झालेलं चाक. चुलतभाऊ प्रणवने त्याचं पंक्चर काढून ते तिथे टांगलं होतं. तेव्हापासून त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

मिस्त्रींनी नट आवळले, एक इकडचा, एक समोरचा, एक इकडचा, एक समोरचा. शेवटी पान्यावर पाय देऊन पाहिलं. "पचास किलोमीटर चलाकर ले आइए. दोबारा कस देंगे. साहब का क़ायदा है."

साहेबांचे कायदे बरेच होते. मुक्ताचे वडील राजाराम काणे चौतीस वर्षं रेल्वेत डबे आणि मालगाडीच्या वाघिणींचे इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मलिहाबादला दशहरी आंब्यांची एक छोटी बाग खंडाने घेतली आणि तिच्यासाठी ही अवजड, जुनी, चार दारांची पिकअप. पण हात रेल्वेचाच राहिला. गाडी कुठेही थांबली की ते उतरून तिला एक फेरी घालत आणि चारही चाकांच्या मधोमध, हबवर, उजवा हात पालथा टेकवत. स्टेशनात गाडी शिरली की तापलेला ॲक्सल असाच शोधतात, म्हणत. तळहात कामाने निबर झालेला असतो, तो खोटं बोलतो. पालथा हात बोलत नाही. चार चाकं झाली की वाकून स्टेपनीलाही हात लावायचा. "ती कुठे तापणार आहे, बाबा?" असं मुक्ताने लहानपणी, घरच्या आधीच्या मोटारीच्या वेळीच विचारलं होतं. "नसेल तापत. विचारायला काय जातं?"

मुक्ताच्या कपाळालाही त्यांनी कधी तळहात लावला नाही.

अठरा जूनच्या सकाळी तिला कणकण होती. बाबा बागेकडे निघताना दारात थांबले आणि तिच्या कपाळावर हात पालथा ठेवला.

"आहे थोडा. आज लायब्ररीत जाऊ नकोस."

"मीटिंग आहे. आणि मी एक्केचाळीस वर्षांची आहे, बाबा."

"चाळिशीच्या पुढच्या वाघिणीच जास्त तापतात," ते म्हणाले आणि गेले.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. हजरतगंजच्या लायब्ररीत मीटिंगला समोर आठ माणसं बसली होती. मुक्ताने फोन कट केला आणि लिहिलं, 'नंतर करते'. सव्वाबाराला त्याच नंबरवरून एक परका आवाज बोलला. काकोरीच्या पुढे, मलिहाबादच्या अलीकडे, मागचं डावं चाक पंक्चर झालं होतं. त्र्याहत्तराव्या वर्षी, जूनच्या उन्हात, त्यांनी एकट्याने ते बदललं होतं. सगळे नट बसवलेले, जॅक उतरवलेला. ते चाकाला टेकून बसले होते आणि उजवा हात हबला पालथा लागलेला होता.

फोन त्यांनी चाक बदलण्याआधी केला की नंतर, हे कोणाला सांगता आलं नाही. मदतीसाठी केला होता का, तेही नाही. चार महिने मुक्ताला जगात तेवढं एकच कळायला हवं होतं, आणि ज्याला विचारावं असं कोणी नव्हतं. फोन कट केल्याचं तिने आईलाही सांगितलेलं नव्हतं.

तिने गाडी मलिहाबादच्याच रस्त्याला घातली, कारण जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात. निदान स्वतःला तिने तसं सांगितलं. ऑक्टोबरचं ऊन होतं, दुबग्ग्याला ट्रकांची गर्दी. काकोरीच्या पुढे दोन्ही बाजूंनी आंब्याच्या बागा लागल्या, फळाविना, गडद आणि गप्प. 'त्या' जागेवर ती थांबली नाही. बाजारपेठेच्या तोंडाशी एका चहाच्या टपरीवर थांबली, उतरली, आणि आपण गाडीला फेरी घालतोय हे तिला दुसऱ्या चाकाशी कळलं.

पुढचं डावं कोमट. पुढचं उजवं कोमट. मागचं उजवं जरा जास्त, उन्हाच्या बाजूचं.

मागचं डावं गार होतं.

तिने पुन्हा हात लावला. माठाच्या पोटाला हात लावावा तसं गार. तिने टायरवर हात ठेवला, तोही गार. कुठेतरी ब्रेकचं, बेअरिंगचं काही कारण असेल, असं म्हणून तिने चहा घेतला आणि परतली.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. "गरम होता तो फ़िक्र की बात थी, बिटिया. ठंडा पहिया किसने देखा शिकायत करते?" पाना घेऊन ते बसले. तीन चाकांचे नट थोडे थोडे फिरले, नव्याने बसवलेले फिरतात तसे. मागच्या डाव्याचा एकही हलला नाही. त्यांनी जॅक लावून चाक वर घेतलं आणि हाताने फिरवलं. चाक अर्धं फिरलं आणि ते थांबले.

टायरच्या नक्षीवर खडूने लिहिलेलं 'पीछे बायाँ' जसंच्या तसं होतं. एक कानाही पुसला गेला नव्हता.

बाकी तिन्ही टायरांवर खडूचा मागमूस नव्हता. कसा असेल? खडू रस्त्यावर शंभर पावलंही टिकत नाही.

मिस्त्री आणखी पुढे सरकले. मग त्यांनी अंगठ्याने 'बायाँ'वरचा चंद्रबिंदू पुसून पाहिला, आणि अंगठा पांढरा झाला.

"ये पहिया ज़मीन से लगा ही नहीं," ते हळू म्हणाले.

"मग तो कोपरा साठ किलोमीटर कशावर होता?"

ते गाडीखाली सरकले, बहुधा आणखी काही विचारलं जाऊ नये म्हणून. साखळी वाजली.

"बिटिया," खालून आवाज आला. "स्टेपनी गरम है."

ते बाहेर आले, चिंध्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले. "साइलेंसर की गरमी होगी," असं म्हणाले. सायलेन्सर दुसऱ्या बाजूला होता. ते दोघांनाही माहीत होतं.

घरी आई, पद्मिनीबाई, मेथी निवडत होती. यंदा घरात दिवाळी नव्हती, पण मेथी होती.

"झाली का तुझी गाडी ठणठणीत?"

"झाली."

"ते सीतापूरचे उद्या संध्याकाळी येतील. किल्ली देवापाशी ठेवू नकोस हं, ह्यांना आवडायचं नाही." आईने एक काडी बाजूला टाकली. "आवाज ऐकला सकाळी. वाटलं, विसरले काही, परत आले."

मुक्ताने किल्ली मुठीत धरून ठेवली. तिने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती आणि कशालाही एकदम मान डोलावणारी ती नव्हती. पण त्या दिवशी बाबा घरून ज्या चाकावर निघाले, ते चाक आता खाली टांगलेलं होतं. गाडी अजून त्याच चाकावर चालत असेल, तर गाडीच्या लेखी ते बदललंच गेलेलं नव्हतं. पंक्चर झालेलं नव्हतं. फोन व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रजा टाकली. आईला म्हणाली, एकदा शेवटचं चालवून आणते. निघायची वेळ तिने नीट धरली.

काकोरी मागे पडली. रस्ता कोरडा, सरळ. उन्हात उभी असलेली झाडं, एका बागेला कुंपणाऐवजी लावलेल्या जुन्या साड्या. गाडीत फक्त इंजिनाचा आवाज होता.

अकरा अडतीसला मागे डावीकडे आवाज झाला. कुणीतरी दातांतून लांब श्वास सोडावा तसा.

गाडी डावीकडे ओढली गेली. तिने ती कडेला घेतली, बंद केली, आणि उतरली.

चारही चाकं टणक होती. तिने वाकून खाली पाहिलं. साखळीला टांगलेल्या स्टेपनीचा टायर एका बाजूने चेपून लोंबत होता.

तिने मागच्या डाव्या चाकाला हात लावला, पालथा.

कोमट. बाकीच्या तिघांसारखं. खडूचं अक्षर पुसलं गेलं होतं.

ती तशीच बसली, चाकाला टेकून. फोन हातात होता. अकरा एकोणचाळीस. अकरा चाळीस.

फोन वाजला नाही.

तरी तिने तो कानाला लावला.

"बोला, बाबा," ती म्हणाली.

पलीकडे काही नव्हतं. बागेतही नव्हतं, एक पान हलत नव्हतं. ऊन सरळ तोंडावर येत होतं, म्हणून तिने डोळे मिटले. त्या वेळी कपाळावरचं ऊन क्षणभर गेलं, जसं मधे कोणी आलं असावं. ग्रीसचा वास आला. मग ऊन परत आलं.

रस्त्यावर दोन्ही बाजूंना कोणी नव्हतं.

ती एक वाजता घरी पोचली. गाडी पुन्हा निंबाखाली लावली. दार आईने उघडलं आणि ती बाजूला झाली नाही.

"कपाळाला काय लावून आलीस?"

"काय?"

"काळं. ग्रीस आहे. हात लावलास का कशाला?"

मुक्ताने दोन्ही हात पुढे केले. तळवे, मग पालथे. स्वच्छ होते.

आईने तिला खिडकीच्या उजेडात ओढलं. एकाशेजारी एक चार डाग होते, बोटांच्या पाठीच्या रुंदीचे. आई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

"आई," मुक्ता म्हणाली, "त्या दिवशी त्यांचा फोन आला होता. मी कट केला."

"माहितीये."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांच्या फोनमधे दिसला ना. तू सांगशील म्हणून थांबले होते." आईचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "निघताना मला म्हणाले होते, कार्टी ऐकायची नाही, जाणारच. बारा वाजायच्या आत फोन करून विचारतो, ताप उतरला का."

आईने ओट्यावरचं फडकं आणलं, त्याचा कोपरा ओला केला. पुसण्याआधी एक बोट सहज त्या डागाला लावलं, आणि चटका बसावा तसं मागे घेतलं. मग तिने मुक्ताच्या गालाला हात लावून पाहिला, मानेला लावला.

"अंग गार आहे गं तुझं," ती म्हणाली. "हे एवढंच तापलंय."